पुजलेला पाना

लिहायचं तर माझ्या तोंडचं लिहा, मधे शहाणपणाचे शब्द घालू नका, एवढंच माझं सांगणं. मूळ गाव इनामगाव, तालुका शिरूर, घोड नदीच्या काठाला. आता ऱ्हायला खुटबावला, दौंड तालुक्यात, आन् दुकान भांडगावला हायवेच्या कडंला. पंक्चर, हवा, चाकं बदलणं, चाळीस वर्षं झाली त्याला, जास्तच. शाळा तिसरी, तीबी पुरी न्हाई, कारण आमच्या गावाला पांढरीच्या टेकाडावर शिकलेली माणसं येऊन खणत व्हती, जुन्या काळातली मडकी न् हाडं काढत व्हती, आन् माझा बाप तिथं पाट्या टाकायला जायचा, त्याच्या मागं मी. शाळेत मास्तर मारायचा, तिथं कुणी मारत नव्हतं. मातीत हात घालायचा आन् न बघता सांगायचं, ह्यो दगूड, ह्ये खापर, ह्ये हाड. माझं चुकायचं न्हाई. एक चष्मेवाले सायेब बापाला म्हणले, तुमच्या पोराच्या हाताला डोळे हायत. काय सांगू तुम्हाला, भाकरीपेक्षा जास्त मी त्या वाक्यावर जगलो. आन् त्याच वाक्यानं घात केला, ते सांगतो, पर दमानं.

बाप गेला तवा मी हायवेला आलो, एका टायरवाल्या उस्तादाकडं ऱ्हायलो. उस्ताद हिंदी बोलायचा, कुठला व्हता ते त्यानं कवा सांगितलं न्हाई, आन् मीबी इचारलं न्हाई. त्यानं शिकवलं ते अजून तसंच्या तसं सांगतो बगा. नट आधी बोटानं फिरवायचा. बोटानं पाच-सहा फेरे सरळ गेला पायजे, मधीच अडला तर त्यो नट त्या गाडीचा न्हाई, पान्यानं जबरदस्ती केली तर आटे खराब व्हणार. मंग समोरासमोर आवळायचे, एक वरचा, मंग त्याच्या समोरचा खालचा, एका अंगानं आवळत गेलं तर चाक तिरकं बसतं. गाडी जॅकवरून खाली घ्यायची, चाक जमिनीला टेकलं की मंग शेवटचा जोर. आट्याला तेल न्हाई, ग्रीस न्हाई, लोक लावत्यात, गंजू नये म्हणून लावत्यात, आन् मंग नट सरकून पायजे त्यापेक्षा जास्त आवळला जातो आन् बोल्ट तुटतो. आन् शेवटची गोष्ट, गिऱ्हाइकाला सांगायचं, शंभर किलोमीटर चालव आन् परत ये, मी परत आवळून देतो. उस्ताद म्हणायचा, चक्का लगाना आधा काम, वापस देखना बाकी आधा. हे शेवटचं नीट लिहा, ह्याच्यावर समदं हाय.

पुढं माझं सोताचं दुकान झालं. ट्रक, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, जीपा, कारखान्याच्या उसाच्या गाड्या, काय न्हाई आलं माझ्याकडं. आन् मी नखरे लई करायचो, खोटं कशाला सांगू. बाकीचे दुकानदार पान्याला लोखंडी पाईप घालून वर उभं ऱ्हात्यात, दोन्ही पायांनी नाचत्यात, गिऱ्हाइकाला वाटतं काय जोर लावला. मी म्हणायचो, अरे मर्दा, नट आवळतोस का विहीर खणतोस. मी मनगटानं आवळायचो. नट बसला की हाताला कळायचं, दाराची कडी कोयंड्यात बसल्यावर कसं कळतं, तसं. त्याच्यापुढं एक चिमूट न्हाई. सोलापूरकडचे ड्रायव्हर मुद्दाम थांबायचे, म्हणायचे आप्पा तुमचाच हात पायजे. मला असं ऐकायला लई आवडायचं. म्हातारी म्हणायची, ह्या माणसाला जेवाय वाढलं न्हाई तरी चालंल, नुसतं हात चांगला हाय म्हणा.

म्हातारी म्हंजी माझी बायको. लेकरू एकच, सुनंदा, शिरूरला दिलेली. ती ब्लाऊज शिवायची, आन् असं शिवायची की दिवाळीच्या आधी महिनाभर बायका दाराशी बसलेल्या. तिच्या हाताला माझा हात आला व्हता. कापडाला माप न लावता कात्री चालवायची. जावई रवीराव, शिरूरकडं कंपनीत कामाला. आता गंमत बगा, कंपनीत ह्यांचं कामच बोल्ट आवळायचं. पर ते हातानं न्हाई आवळत, त्यांच्याकडं टॉर्कचा पाना. पान्यावर आकडा लावायचा, आवळत न्यायचं, आकडा आला की पाना टक्क वाजतो, की थांबायचं. गाडीच्या पुस्तकात आकडा दिलेला असतो म्हणं, ह्या गाडीला एवढा, त्या गाडीला तेवढा.

लगीन झालं त्या पहिल्याच वर्षी त्यांनी मला ते सांगितलं, लई आदरानं सांगितलं, मामा तुम्हाला एक पाना आणून देतो. मला राग आला. मी म्हणलं, रवीराव, आंबा पिकला का न्हाई ते कळतं का तुमच्या पान्याला. ते हसले. म्हणले, न्हाई मामा, पर त्याला राग येत न्हाई. म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. मी दोन दिवस तिच्याशी बोललो न्हाई.

तर आता मूळ गोष्टीवर येतो. तीन दसऱ्यांमागची गोष्ट. रवीरावांनी जुनी कार घेतलेली, पांढरी, चांगली ठेवलेली. दसऱ्याच्या आठ दिवस आधी एका रविवारी दोघं दुकानावर आले, डिकीत चार मॅगव्हील, म्हंजी ती शोभेची ॲलॉयची चाकं, पुण्यावरनं आणलेले, चकचकीत. मामा, चाकं तुमच्याच हातानं बसवायची, दसऱ्याला गाडी सजली पायजे. मला बरं वाटलं, म्हणलं आणा. मी जुनी चाकं खोलली, त्याचे नट काढून पातेल्यात टाकले. तवर त्यांनी खिशातनं एक पुडकं काढलं. त्यात सोळा नट, काळे, चमकणारे. म्हणले, मामा, हे नट लावा, जुने लावू नका. जुन्या नटाचं बूड गोल हाय, अंड्याच्या बुडासारखं, आन् ह्या मॅगव्हीलचं भोक निमुळतं, नरसाळ्यासारखं. गोल नट नरसाळ्यात नुसता एका रेघेवर टेकतो, बसत न्हाई. हे नवे बी निमुळते हायत, पुरा अंग टेकून बसत्यात. आटे मी जुळवून आणलेत.

मी एक नट तळहातावर घेतला. हलका. म्हणलं, हे काय, पोरींच्या कानातल्यासारखं. गाडीसंगं कंपनीनं दिलेला नट तो नट, हे बाजारातलं खेळणं. ते म्हणले, मामा, वजनावर जाऊ नका, बुडावर जा. आता तुम्हीच सांगा, ज्यानं जन्म चाकात घातला त्याला जावई सांगणार बुडावर जा. दोन गिऱ्हाइकं बाकावर बसलेली, ऐकत व्हती. मी म्हणलं, बरं, तुमचेच लावतो, तुम्ही जावा, समोर चहा घ्या. ते दोघं हॉटेलात गेले.

आन् मी त्यांचे नट बसवले न्हाईत.

पुडकं कोपरीच्या खिशात टाकलं आन् जुनेच लावले. वाईट मनानं न्हाई बरं का. मला वाटलं, माझी लेक ह्या गाडीत बसती, खेळण्यावर कशी बसवू. त्या मॅगव्हीलला मधे मोठं झाकण येतं, नट दिसतच न्हाईत, ठोकून बसवलं की झालं. आवळताना काय झालं तेबी सांगतो, इथं खोटं बोललो तर तुम्ही लिहिताय त्याला अर्थ काय. कडी बसली न्हाई. पाना फिरला, जड झाला, पर ते शेवटचं जे लागतं हाताला, ते लागलं न्हाई. चारी चाकांना न्हाई. हातानं मला त्याच दिवशी सांगितलं. आन् मी काय केलं, मी पान्याला पाईप घातला. मी, ज्यानं जन्मभर पाईपवाल्यांची टिंगल केली. दुकानाच्या मागं पडलेला पाईप आणला, घातला, आन् दाबलं. आन् वरनं झाकणं ठोकली.

ते चहा पिऊन आले. मामा, बसले का. बसले. नवेच ना. मी म्हणलं, मंग काय. शंभर किलोमीटर झाले की या परत.

आठ दिवसांत त्यांना जमलं न्हाई, कंपनीत सुट्टी नव्हती, रोज ह्याच गाडीनं जाणं-येणं व्हतं. दसऱ्याला आले. आमच्यात दसऱ्याला सकाळी हत्यारं पुजत्यात. पाने, जॅक, लिव्हर, हातोडी, समदी धुवून पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. आन् एकदा पुजली की दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्याशिवाय उचलायची न्हाईत. उस्ताद मुसलमान व्हता तरी आमच्या दसऱ्याला पान्याला हात लावत नव्हता, एवढा ह्यो नेम. त्या दिवशी एखादा गाडीवाला पंक्चर घेऊन आला तर त्याला पुढच्या दुकानाचा रस्ता दाखवायचा आन् पेढा द्यायचा.

खुटबावला घरी जेवणं झाली, पुरणपोळी झाली, मंग दुकानावर आले सोनं द्यायला. आपट्याची पानं घेऊन चार-पाच माणसं बसलेली व्हती दुकानात. निघताना रवीराव म्हणले, मामा, डाव्या पुढच्या चाकातनं कटकट आवाज येतोय कालपासनं, जरा नट बघता का. मी पाटाकडं बोट केलं. म्हणलं, रवीराव, आज हत्यारं पुजलीत. उद्या या. ते म्हणले, उद्या ड्युटी हाय, पर काय हरकत न्हाई, माझा टॉर्कचा पाना डिकीत हाय, मी कंपनीतनं मागून आणलाय, झाकण काढून मीच बघतो, दोन मिनिटांचं काम. आन् डिकीकडं चालले.

बगा, झाकण काढलं की आतले नट दिसणार. मी मोठ्यानं बोललो, समद्यांना ऐकू जाईल असं. म्हणलं, सणाच्या दिवशी माझ्या दुकानाच्या तोंडाशी दुसऱ्याचं हत्यार चालणार न्हाई. एवढा माझा अपमान करायचा असंल तर खुशाल करा. बसलेली माणसं म्हणली, व्हय पाव्हणं, आज नको, आप्पांच्या हातची चाकं, काय व्हतंय. रवीरावांनी माझ्याकडं बघितलं, पाना परत डिकीत ठेवला, माझ्या पाया पडले. सुनंदा पाया पडली. डाव्या बाजूला बसली. मी खिडकीतनं तिच्या हातात आपट्याची पानं दिली, म्हणलं सावकाश जावा.

पुजेचं कारण खरं व्हतं, पर ते पुरं कारण नव्हतं. हे वाक्य मी देवापुढंबी असंच बोललोय.

शिरूरच्या वाटेवर न्हावऱ्याच्या अलीकडं चाक निघालं. डावं पुढचं. चाक गाडीच्या पुढं पळत गेलं म्हणं आन् उसात शिरलं, आन् गाडी डाव्या अंगावर टेकून चारीत गेली. रवीरावांना खरचटलं. सुनंदानं सावरायला आडवा टाकलेला उजवा हात उघड्या खिडकीतनं बाहेर गेला, दाराच्या आन् चारीच्या दगडाच्या मधे आला, कोपराचा चुरा झाला. फोन आला तवा मी अजून दुकानातच व्हतो, पाटापाशी. फोन ऐकला आन् पहिलं काय बघितलं असंल मी, त्यो पाना बघितला. झेंडूच्या फुलात ठेवलेला, कुंकू लावलेला.

दवाखान्यात रवीरावांचा थोरला भाऊ समद्यांदेखत त्यांच्यावर ओरडत व्हता, तुला झगमग पायजे, बाजारातले नट पायजेत. मंग माझ्याकडं वळला. आप्पा, तुम्ही जाणते, तुम्ही सांगा, नट कसले व्हते. रवीराव तिथंच बसलेले, डोक्याला पट्टी. मी म्हणलं, बाजारातले. एकच शब्द बोललो. रवीराव खाली बघत ऱ्हायले. मला वाटलं, सुटलो.

सुनंदाच्या कोपरात स्टीलची पट्टी घातली, पर हात अर्धाच वाकतो. कात्री धरवत न्हाई. शिवणयंत्रावर कापड सरकवता येत न्हाई. बायका यायच्या बंद झाल्या, यंत्रावर गोधड्या रचून ठेवल्या. सोताची येणी घालता येत न्हाई तिला. रवीराव घालत्यात रोज सकाळी, ड्युटीला जायच्या आधी. आन् ती, त्यांच्या पुढ्यात बसून, त्यांनाच बोलायची. तुमच्या चकचकीत चाकांनी माझा हात खाल्ला. तुम्हाला आप्पांचं ऐकायला काय झालं व्हतं. मी कवा गेलो की माझ्यादेखत बोलायची, आन् मी पाटावर बसून जेवायचो. रवीराव तीन पेडांची येणी घालायचे, नीट, शेवटी रबर लावायचे, आन् उठून डबा उचलायचे. एक शब्द उलटा न्हाई. मला त्यांचा रागच यायचा, खरं सांगतो. माणूस बोलत का न्हाई. बोलला असता तर मीबी बोललो असतो, असं मला वाटायचं. खोटंच ते.

दुकान चालूच व्हतं. पर हात गेला माझा. म्हंजी हात हाय तसाच, पर मला त्याचा भरोसा न्हाई. नट आवळला की परत आवळायचो, गिऱ्हाइक दोन पावलं गेलं की हाक मारून थांबवायचो. लोक म्हणायचे, आप्पा म्हातारे झाले.

मागल्या वर्षी घट बसायच्या आधी म्हातारीनं घर आवरायला काढलं, समदं भांडंकुंडं अंगणात. माझी पत्र्याची पेटी उघडली तिनं, धूळ झटकायला. आन् पुडकं घेऊन बाहेर आली. आवं, हे काळे नट कसले, ह्यात चिठ्ठी हाय, रवीचं नाव हाय. ती चौथी शिकलेली, माझ्यापेक्षा जास्त. मी म्हणलं, ठेव तिकडं. ती म्हणली, नवेकोरे हायत, एकबी वापरलेला न्हाई. मोजले तिनं. सोळा. मंग माझ्यापुढं उकिडवी बसली आन् म्हणली, मंग त्या दिवशी गाडीला कुठले व्हते.

मी सांगितलं. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात ती माझ्यावर कवा ओरडली न्हाई, तवाबी न्हाई ओरडली. पुडकं माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणली, उद्या सकाळची एसटी धरा. मी न्हाई येणार. तुमचं तोंड तुम्ही घेऊन जावा.

गेलो. चौफुल्याला गाडी बदलली. शिरूरपतुर पुडकं हातात धरलं व्हतं, घामानं कागद भिजला. घरी दोघंबी व्हते, त्यांना सुट्टी व्हती. सुनंदा आत भाकरी करत व्हती, डाव्या हातानं, एकेक थापायला लई येळ लागतो तिला. मी पुडकं रवीरावांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी उघडलं न्हाई. बघितलंबी न्हाई नीट.

म्हणले, मामा, मला माहीत हाय.

म्हणलं, काय माहीत हाय.

ते म्हणले, अपघाताच्या तिसऱ्या दिवशी मी गाडी बघायला गेलतो. उरलेल्या तीन चाकांची झाकणं मी काढली. गोल बुडाचे नट. आन् मॅगव्हीलची भोकं चेपलेली, पाईप घालून दाबल्यावर चेपत्यात तशी.

मला धरणी पोटात घेईना. म्हणलं, मंग बोलला का न्हाईत. ते म्हणले, बोलून तिचा हात परत येणार व्हता का. तिच्या हाताचं कारण तिचा बाप, हे तिला कळलं असतं तर तिला माहेर ऱ्हायलं नसतं. नवऱ्याला काय, बायको बोलतीच. मंग म्हणले, पर मामा, मी महात्मा न्हाई. मी वाट बघितली. दर सणाला तुम्ही आला की मला वाटायचं, आज बोलतील. तुम्ही भाजी मागून घ्यायचा आन् जायचा.

आतनं भाकरीचा आवाज थांबला व्हता. सुनंदा दारात उभी. पिठाचा हात, दुसरा हात तसाच अर्धा वाकलेला. माझ्याकडं बघितलंबी न्हाई तिनं, नवऱ्याकडं बघत व्हती. दोन वर्षं मी ह्या माणसाला टाकून बोलले, म्हणली. रोज. येणी घालताना. आन् मंग माझ्याकडं वळली. आप्पा, तुम्ही ऐकत व्हता. तुम्ही बसून ऐकत व्हता.

मी म्हणलं, चुकलं पोरी. ती म्हणली, नटाचं चुकलं ते मी समजून घेईन, आप्पा. माणूस हाय, चुकतो. ऐकत बसलात त्याचं काय करू मी. मंग म्हणली, जावा आता, एसटी चुकंल. रवीराव म्हणले, अगं जेवून जाऊ दे. ती म्हणली, न्हाई. लेकीच्या दारातनं बिनजेवता निघालो. माझ्यासारख्याला ते बरोबरच व्हतं.

पुडकं तिथंच ऱ्हायलं.

परत आलो आन् दौंडला जाऊन टॉर्कचा पाना घेतला, सोता. आकडा लावायचा कसा ते कळंना, रवीरावांना फोन केला. त्यांनी फोनवर शिकवलं, अर्धा घंटा, एकदाबी हसले न्हाईत. आता गाडी आली की मी पहिलं इचारतो, पुस्तक हाय का गाडीचं. मॅगव्हील असंल तर नट उलटा करून बूड बघतो, भोकात बोट फिरवून बघतो, दोन्हींचा मेळ असंल तरच बोटानं लावतो. न्हाई तर सांगतो, जावा, बरोबर नट आणा, मी बसवत न्हाई. गिऱ्हाइक चिडतं. चिडू दे. तरणी पोरं पलीकडनं चिडवत्यात, आप्पा, तुमच्या हाताच्या डोळ्यांना चष्मा लागला का. मी म्हणतो, लागला. खरं सांगतो, मला ते कबूल करायला लई जड गेलंय, अजून जातंय. पर पाना टक्क वाजला की त्याच्यापुढं मी वाद घालत न्हाई. हाताशी मी वाद घातला व्हता.

मागल्या दसऱ्याला हत्यारं पुजली. जॅक, लिव्हर, हातोडी, जुना पाना, समदं पाटावर. टॉर्कचा पाना तेवढा बाहेर ठेवला, बाकावर, फडक्यावर. शेजारचे म्हणले, आप्पा, ह्याला कुंकू न्हाई का. म्हणलं, ह्यो आज कामावर हाय. बापजाद्यांचा नेम मोडला, मोडला. देवाला जे इचारायचं ते मला इचारू दे.

दुपारी पांढरी गाडी आली. तीच, दुरुस्त केलेली, तसलीच मॅगव्हील नवी घातलेली. रवीराव उतरले. सुनंदा उतरली न्हाई, डाव्या बाजूला बसून ऱ्हायली, खिडकीची काच खाली. मला म्हणले, मामा, तेच सोळा नट लावलेत, तुमच्याकडनं आलेले. शंभर किलोमीटर झालेत. परत बघायचे व्हते.

मी बाकावरचा पाना उचलला. झाकणं काढली. पुस्तकातला आकडा लावला. गुडघे आता वाकत न्हाईत, चाकाचाकापाशी बसता-उठता येळ लागला. पहिलं उजवं पुढचं, मंग मागली दोन, समोरासमोर, टक्क, टक्क. डावं पुढचं शेवटी घेतलं. तिच्या दाराच्या खालीच व्हतो मी, तिचा त्यो उजवा हात खिडकीच्या काठावर आडवा ठेवलेला, माझ्या डोक्याच्या वर. चार टक्क झाले. उठलो, झाकण हातात, म्हणलं झालं.

तवा ती बोलली. मी तिच्या दारातनं निघालो तवापासनं फोनवर जेवला का एवढंच इचारायची म्हातारीच्या फोनवरनं, त्याच्यापुढं न्हाई. म्हणली, आप्पा, समदे वाजले का.

म्हणलं, वाजले.

म्हणली, मला न्हाई ऐकू आलं. परत वाजवा.

परत बसलो. परत सोळा. दुकानात सोनं द्यायला आलेली माणसं बघत व्हती, म्हातारा एका गाडीचे नट दोनदा आवळतोय. बघू दे. एकेक नट तिला ऐकू जाईल असा वाजवला. ती मोजत व्हती, ओठ हलत व्हते. सोळा झाल्यावर काच वर केली. पर त्याआधी आपट्याची दोन पानं खिडकीतनं पुढं केली, डाव्या हातानं. मी घेतली. ह्यावर माझ्याशी बोलली असं मी म्हणत न्हाई. दिली एवढं खरं. त्या पेटीत ठेवलीत, पुडकं व्हतं तिथं.

आता दसरा परत येतोय. ती उतरंल, न उतरंल, ते मी सांगू शकत न्हाई आन् मागतबी न्हाई. रवीरावांना मात्र देवानं औक्ष द्यावं, असा माणूस मी बघितला न्हाई, आन् तिचा हात हाय तसा का व्हईना, तिच्या घरात गोड बोलणं ऱ्हावं. माझं काय, माझं झालं.

तुमचं लिहून झालं का. तुमच्या गाडीचं मागलं चाक मी बदललंय, नट बघून घेतलेत, बूड बरोबर हाय, तुमच्यादेखत वाजवलेत. पर हे अर्धंच काम झालं. शंभर किलोमीटर झाले की परत या. सण असू दे, सुतक असू दे, माझं दुकान उघडं असंल. आन् मी नसलो तर कुठंबी थांबा, कुणाच्याबी पान्यानं आवळून घ्या. माझ्या नावाचा मान राखायला थांबू नका.